पहारा चुकू देऊ नका

(श्रीग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके वारकऱ्यांचे म्हणून ओळखले जातात. सह्याद्रीच्या पायथ्याचे क्वचितच एखादे गाव असेल की जेथे हरिनाम सप्ताह बसत नाही. सप्ताह म्हटला की काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन हे सारे आले. पण या सगळ्यांचा कणा असतो तो पहारा. सप्ताह उभा राहिला की वीणा खांद्यावर घेतला जातो, तो काल्याच्या कीर्तनापर्यंत खाली ठेवायचा नसतो. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. संध्याकाळी कीर्तनाला मंडप भरलेला असतो, तेव्हा वीणा घ्यायला दहा हात पुढे येतात. खरी कसोटी असते ती रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याची. मंडपात कोणी नाही, बाहेर थंडी पडलेली, डोळ्यांवर झोप, पाहायला फक्त समईची ज्योत. त्या वेळी जो उभा राहतो त्याच्यामुळे सप्ताह अखंड राहतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही आणि त्याचे नाव पत्रिकेत छापले जात नाही.

आजच्या या मंगल प्रसंगी समाजसेवेविषयी जे सांगायचे आहे, ते एवढेच आहे. गावाची सेवा म्हणजे सप्ताहाचा पहारा होय. आरंभीच्या गर्दीवर ती चालत नाही, खांदेपालटावर चालते.

मंदिराचा कलश चढला. जुन्या कौलांच्या जागी पक्के छप्पर आले, गाभाऱ्याला दगड लागला, सभामंडप मोठा झाला. देणगीदारांची नावे या पुस्तिकेत छापलेली आहेत, ती छापणे योग्यच आहे. परंतु वाळूच्या पाट्या डोक्यावरून वाहणाऱ्या बाया, पाया खोदताना सुट्टीच्या दिवशी टिकाव घेऊन आलेली पोरे, गवंड्यांना पाळीपाळीने भाकरी देणारी घरे, यांची नोंद कोणत्या पानावर करणार? हे सारे बिनपगारी होते आणि कोणाच्या हुकमावाचून होते. एवढे बळ गावात आहे हे या बांधकामाने सिद्ध केले. आता प्रश्न असा की, कलश चढल्यावर हे बळ घरी जाऊन झोपणार की पुढच्या पहाऱ्याला उभे राहणार?

या मुलखात हे बळ काही आज निर्माण झालेले नाही. येथली शेती डोंगरउताराची. भात, नाचणी, वरी यांवर वर्ष निघत नसे. म्हणून येथला तरुण मुंबईची वाट धरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या, त्या गिरण्यांच्या साच्यांवर जे हात राबले त्यांत कोकणचे हात फार मोठ्या संख्येने होते. लालबाग, परळ, करी रोड, शिवडी या भागांतल्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या असत. एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीचा आडवा होई. त्या खोलीत एक ट्रंक असे आणि ट्रंकेत मंडळाची वही असे. दरमहा वर्गणी, कोणी आजारी पडला तर मदत, कोणी दगावला तर क्रियाकर्माचा खर्च, गावाकडे शाळेची भिंत पडली तर मनीऑर्डर. हीच आपल्या भागातली पहिली सेवाभावी संस्था होय. तिच्यापाशी कार्यालय नव्हते, फलक नव्हता. वही मात्र होती. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो घरांची मिळकत बुडाली. अनेकजण बिऱ्हाड मोडून गावी परतले. तरीही बहुतेक मंडळे टिकली, कारण वर्गणीची रक्कम कमी झाली पण वहीचा हात बदलत राहिला. बापाने सोडलेली वही मुलाने घेतली. आजच्या मंदिराच्या कामातही त्याच वहीचा मोठा वाटा आहे.

आता एक जुनी गोष्ट आठवणे जरूर आहे. ती देवळाच्या अंगणात आठवणे तर अधिकच जरूर आहे. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने ठराव केला की शहरातील सार्वजनिक तळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुली आहेत. ठराव झाला, वहीत नोंदला गेला. पण तीन वर्षे चवदार तळ्यातील पाण्याला त्या लोकांचा हात लागू शकला नाही. कागदाने हक्क दिला होता, समाजाने दिला नव्हता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. परिषद उभी राहिली ती गावोगाव पायी फिरलेल्या कार्यकर्त्यांच्या बळावर. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला. महाडचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, तसेच गं. नी. सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील गृहस्थ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. परिषदेला जमलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. जवळ तळे भरलेले, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, आणि त्यांतल्या कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. चवदार तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला व १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण दुहेरी आहे. एक तर सरकारी ठराव आणि माणसाच्या ओठाला लागलेले पाणी यांच्यामध्ये जे अंतर असते, ते अंतर स्वयंसेवक चालून जातो. आणि दुसरे असे की, सेवेच्या नावाने जी पंगत बसते तिच्यात कोण बसले नाही हे पाहणे, ही पहिली सेवा आहे. देवळाच्या नावाने जमलेले बळ जर वस्तीवस्तीत भेद करील, तर देऊळ कितीही उंच बांधले तरी ते ठेंगणेच राहील.

पाण्याचा विषय निघाला आहे तर तेथेच थोडे थांबावे. या दोन तालुक्यांत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आणि एप्रिल-मे आला की वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाऊस उतारावरून धावतो, वहाळातून सावित्रीला मिळतो आणि सावित्री त्याला बाणकोटच्या खाडीत नेऊन टाकते. त्याला कोणी थांबवीत नाही म्हणून तो थांबत नाही. याच महाड तालुक्यातल्या नाते गावी १९२५ साली मोहन धारिया यांचा जन्म झाला. स्वातंत्र्यचळवळीतला हा कार्यकर्ता पुढे केंद्रात मंत्री झाला. मंत्रिपदावरून उतरल्यावर माणसे सहसा आठवणी लिहितात. धारियांनी ऐंशीच्या दशकात 'वनराई' ही संस्था काढली आणि झाडे लावण्याच्या व पाणी अडवण्याच्या कामाला वाहून घेतले. २००५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०१३ साली ते गेले. त्यांच्या संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा वनराई बंधारा आज महाराष्ट्रभर माहीत आहे.

हा बंधारा म्हणजे काय? सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यांत वाळू-माती भरायची, तोंडे शिवायची आणि पावसाळा सरता सरता, वहाळाची धार बारीक होऊ लागली की आडव्या रचायच्या. इंजिनियर लागत नाही, मोठा खर्च लागत नाही. गावातले वीसपंचवीस हात आणि एक-दोन दिवस लागतात. पाणी काही महिने अडून राहते, आसपास मुरते, खालच्या विहिरीला झरा राहतो, गुरांना पाणी मिळते, कडधान्य किंवा चार वाफे भाजी होते. पण त्या बंधाऱ्याचा एक धर्म आहे. गोण्या उन्हाने विरतात आणि पुढच्या पुराला तो वाहून जातो. म्हणजे तो दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. पहिल्या वर्षी उद्घाटनाला पाहुणे येतात, नारळ फुटतो, वर्तमानपत्रात बातमी येते. चौथ्या वर्षी नारळ नसतो, पाहुणे नसतात, फक्त गोण्या असतात. त्या चौथ्या वर्षीचा बंधारा ज्या गावात बांधला जातो, तेथे संस्था आहे असे समजावे.

आता संकटाच्या गोष्टी. महाड-पोलादपूरइतक्या आपत्ती थोड्या काळात क्वचितच कोणत्या मुलखाने पाहिल्या असतील. २००५ च्या जुलैच्या २५ व २६ तारखांना दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला, दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहन प्रवाशांसह वाहून गेले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली व एकच जण वाचला. २४ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या ऐन काळात, महाडच्या काजळपुऱ्यात पाच मजली इमारत कोसळून सोळा जण दगावले. आणि २२ जुलै २०२१! त्या दिवसाच्या सुमारास महाबळेश्वरावर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री, गांधारी, काळ या साऱ्या नद्यांनी एकदम डोके वर काढले, महाड शहर पाण्याखाली गेले, आणि त्याच संध्याकाळी तळिये गावाच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर उतरला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. पहिले हात शेजाऱ्याचे होते. सावित्रीचा पूल पडला तेव्हा जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या ते ध्यानात आले. त्याने अंधारात, पावसात, रस्त्यावर येऊन पुढची वाहने थांबविली. त्या रात्री त्याच्या हातात ना शिटी होती ना अधिकार. त्याने थांबविलेल्या गाड्यांतली माणसे आज कोठेतरी आपापल्या घरी सुखरूप आहेत. आंबेनळीच्या दरीत शेकडो फूट खाली दोर लावून उतरले ते महाबळेश्वरचे ट्रेकर, आणि त्यांच्या जोडीला होते पोलादपूर-महाडकडचे तरुण. काजळपुऱ्यात लष्करी शिस्तीची पथके येण्यापूर्वी मोहल्ल्यातल्या आणि आसपासच्या पोरांनी विटा उचलायला सुरुवात केली होती. करोनाचे भय तेव्हा कोणी मनात आणले नाही. त्या ढिगाऱ्यातून एकोणीस तासांनी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला, आणि सव्वीस तासांनी एक बाई जिवंत निघाली. तळियेस रस्ता बंद, दूरध्वनी बंद, महाड पाण्यात. बाहेरचे पथक पोहोचले ते दुसऱ्या दिवशी. तोपर्यंतची रात्र वाचलेल्यांनी आणि आसपासच्या वाड्यांतल्या लोकांनी काढली. हातांनी माती उपसली.

याच रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. तेथे जायला गाडीरस्ताच नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती. खोपोलीकडचे ट्रेकर आणि मदतकार्यातली मंडळी त्या रात्री भर पावसात डोंगर चढून गेली. चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याने प्राण सोडले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जिल्ह्यात शंभरावर गावे दरडप्रवण म्हणून यादीत होती, त्यांत महाड तालुक्यातील गावे सर्वांत अधिक. पण त्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. यादी करणाऱ्यांना दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. डोंगर यादी वाचत नाही, एवढेच सांगायचे आहे. आपल्या माथ्यावरच्या जमिनीला भेग पडली आहे काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे काय, झाडे वा विजेचे खांब कलले आहेत काय, हे रोज पाहणारा डोळा गावातलाच असावा लागतो. सरकारने 'आपदा मित्र' योजनेखाली तरुणांना प्रशिक्षण दिले, पावसाळ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी महाडास ठेवण्याची व्यवस्था झाली. हे उत्तम झाले. पण तुकडी महाडातून वरच्या वाडीला निघायची तर रस्ता हवा. रस्ता तुटला तर पहिला पहारा गावाचाच.

येथवरची गोष्ट अभिमानाची झाली. आता थोडी कडू गोष्ट.

महाडच्या पुरानंतर राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मदतीचे ट्रक आले. पाणी, धान्य, चादरी, भांडी, औषधे. लोकांनी येऊन गाळ उपसला, दुकाने धुतली. कोणाची जात विचारली नाही, कोणाचा पक्ष विचारला नाही. ते ऋण हा मुलूख विसरणार नाही. पण मदत पाण्यासारखीच असते, ती उताराने धावते. हमरस्त्यावरच्या वस्तीला ती पाच वेळा मिळते, डोंगराआडच्या वाडीला एकदाही मिळत नाही. पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे खोके ठेवायला जागा नसते, तिसऱ्या महिन्यात विचारपूस करायला माणूस नसतो. एखाद्या म्हातारीला सात चादरी मिळतात आणि तिच्या मधुमेहाची गोळी कोठेच मिळत नाही.

आणि खरी लढाई तर त्यानंतर सुरू होते. रेशनकार्ड वाहून गेले, आधारकार्ड गेले, बँकेचे पुस्तक भिजून लगदा झाले, सातबारावर अजून आजोबाचेच नाव आहे. पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा घरचा माणूस दवाखान्यात होता म्हणून घर बंद दिसले. मृताचा वारस कोण, दाखला कोणाचा, खाते कोणत्या बँकेत, नावात एका कागदावर 'बाई' आहे आणि दुसऱ्यावर नाही. सरकारी मदत मंजूर होते, पण ती मंजुरी आणि त्या घरची चूल यांच्यामध्ये असे दहा कागद उभे असतात. कचेरीतल्या माणसालाही नियमाबाहेर जाता येत नाही. चुकीच्या हाती पैसा गेला तर जाब त्याला द्यावा लागतो. अशा वेळी लिहिता-वाचता येणारी दोन मुले जर वाडीत बसली, घरोघर यादी केली, कोणाचा कोणता कागद गेला ते लिहिले, आणि सर्वांचे अर्ज एका दिवशी एकत्र कचेरीत नेले, तर ज्या कामाला घराघराला दहा-दहा हेलपाटे पडतात ते दोनांत होते. या सेवेला दोर लागत नाही, बोट लागत नाही. निळ्या शाईचे पेन लागते आणि चिकाटी लागते. पण ही सेवा करायला माणसे मिळत नाहीत, कारण हिच्यात छाती फुगवावी असे काही नाही. हा रात्री दोन ते चारचा पहारा आहे.

तळियेच्या वाचलेल्या कुटुंबांना पक्क्या घरांसाठी वर्षांचा काळ वाट पाहावी लागली. तोवर तात्पुरत्या कंटेनरच्या निवाऱ्यात पावसाळे आणि उन्हाळे काढावे लागले. पहिल्या दिवशी तेथे मोठमोठी माणसे येऊन गेली. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीला कोण गेले? जे कोणी गेले त्यांना मनोभावे नमस्कार.

सेवेला दुसरी एक कीड लागते, ती हिशेबाची. पैसे खाणारा तर पापी खराच, पण त्याच्याहून अधिक संस्था बुडाल्या त्या हिशेब न ठेवणाऱ्या भल्या माणसांमुळे. माणूस सज्जन असतो, पदरचे घालतो, पण पावती फाडत नाही. मग एक दिवस कोणी विचारतो, पैसे कोठे गेले? सज्जनाला राग येतो, विचारणाऱ्याला संशय येतो, मंडळाचे दोन तुकडे होतात आणि गावाची पालखी दोन वाटांनी निघते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने नोंदणी, जमाखर्च, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांकडे पाठवावयाची पत्रके ही जी बंधने घातली, त्यांना कटकट समजू नये. ती भल्या माणसाची ढाल आहे. पाच रुपये देणाऱ्या विधवेला आणि पाच लाख देणाऱ्या सावकाराला सारखीच पावती मिळाली पाहिजे आणि वर्षाचा जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लागला पाहिजे. ज्या मंडळाचा हिशेब भिंतीवर असतो, त्याच्यावर संकटाच्या दिवशी परका माणूसही विश्वास ठेवतो. पुराच्या दिवशी मुंबईचा दाता विचारतो की पैसे कोणाकडे पाठवू? त्या वेळी उत्तर तयार असावे लागते. ते पुराच्या दिवशी तयार होत नाही.

बाईमाणसांबद्दलही एक शब्द. गावच्या बैठकीत बोलतात पुरुष, पण वाडीतली खबर असते बायकांपाशी. कोणती सून दिवस गेलेली आहे, कोणता म्हातारा अंथरुणाला खिळला आहे, कोणाच्या घरी रात्री दिवा लागत नाही, हे विहिरीवर कळते, चावडीवर कळत नाही. पोलादपूर-महाडच्या गावोगाव बचत गट उभे आहेत. दर महिन्याला ठरल्या तारखेला जमणे, वही लिहिणे, घेतलेले परत करणे, हे त्यांना येते. ज्यांना हे येते त्यांच्या हाती गावाच्या मदतीची वही द्यावी, मग ती चुकणार नाही.

तेव्हा जीर्णोद्धार समितीने आज विसर्जित होऊ नये. मंदिराचे काम झाले, समितीचे झाले नाही. फार मोठ्या योजनांची गरज नाही. प्रत्येक वाडीची एक यादी असावी. त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसे, अपंग, आजारी आणि लहान मुले असलेली घरे लिहावीत, आणि दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी ती नवी करावी. मोठा पाऊस लागला की कोणी कोणाच्या दारी जायचे, हे नावानिशी ठरलेले असावे. सभामंडपाची व शाळेची किल्ली कोणाकडे आहे हे लहान पोरालाही ठाऊक असावे. सभामंडपाच्या एका कोपऱ्यात कपाट ठेवावे. त्यात दोर, विजेऱ्या, प्रथमोपचाराची पेटी, घमेली, फावडी, पहारी ठेवाव्यात, आणि लग्नकार्याला नेलेली वस्तू परत आली की नाही हे पाहणारा एक माणूस असावा. घराघरातील कागदपत्रांच्या नकला मुंबई मंडळाकडे ठेवाव्यात, म्हणजे येथे पाणी आले तरी तेथे कागद कोरडा राहील. दिवाळीच्या आसपास वहाळावर बंधारा पडावा आणि त्याची तारीख पालखीच्या तारखेसारखी पक्की असावी. देवळाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा संकटनिधी म्हणून वेगळ्या खात्यात राहावा आणि तो खर्च करताना वाडी, कोंड, मोहल्ला, बौद्धवाडी, आदिवासी वाडी असा भेद होऊ नये. देवीची ओटी भरायला सारा गाव येतो, तर देवीच्या पेटीतून निघणारी मदतही साऱ्या गावाला जावी.

मुंबईकरांना एक विनंती आहे. वर्गणी पाठविता, त्याबद्दल गाव आपले ऋणी आहे. पण गावाला पैशाइतकीच आपल्या शिकलेल्या मुलांची गरज आहे. मे महिन्यात आणि गणपतीला ती येतात, हातात फोन घेऊन पडवीत बसतात. त्यांच्यातल्या दोघांनी जरी आठ दिवस वाडीच्या याद्या केल्या, अर्ज भरून दिले, तरी या मंदिराला आणखी एक कलश चढल्यासारखे होईल. आणि गावातल्या तरुणांनाही सांगायचे ते हेच की, दरड आल्यावर धावण्याची हिंमत तुमच्या रक्तात आहे, ती सिद्ध झालेली आहे. दरड येण्यापूर्वी दर शनिवारी अर्धा तास डोंगराच्या भेगा पाहून येण्याची सवयही रक्तात यावी.

उमरठ गावी तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे. पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवथरघळ येथून जवळ आहे, रायगड डोळ्यांसमोर आहे. अशा थोर माणसांच्या सावलीत राहणाऱ्यांना वाटते की मोठे काम म्हणजे गड घेणे. पण गड घेण्याचा प्रसंग एका रात्रीचा असतो. घेतलेल्या गडावर रोज रात्री बुरुजाबुरुजावर पहारा देणारे जे अनाम लोक होते, त्यांच्यामुळे राज्य टिकले.

काही दिवसांनी या मंडपात सप्ताह बसेल. नव्या फरशीवर वीणा घेऊन कोणीतरी मध्यरात्री उभा असेल. त्याचे पाय दुखतील, डोळे मिटू लागतील, आणि दोन वाजले की दाराशी चाहूल लागेल. पुढचा माणूस आला असेल. त्या चाहुलीवरच या गावाचे सारे भवितव्य आहे. ती चाहूल कधी चुकू नये, एवढीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.

जय जय राम कृष्ण हरी!